आवर्ती कामे (पायथॉन)

पायथॉन या संगणकीय भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीतील एखादे काम ठरावीक कालांतराने, किंवा दिवसाच्या ठरावीक वेळी, पुन्हा पुन्हा आपोआप घडवून आणणे याला आवर्ती काम चालवणे असे म्हणता येईल. आवर्ती ठेवीचा हप्ता ज्याप्रमाणे ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप वळता होतो, त्याप्रमाणे हे काम माणसाने दर वेळी सांगण्याची वाट न पाहता होत राहते. दर मिनिटाला तापमानाची नोंद घेणे, दर तासाला एखादे संकेतस्थळ चालू आहे की बंद हे तपासणे, रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप घेणे आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला देयके तयार करणे ही अशा कामांची नेहमीची उदाहरणे आहेत.

वरकरणी ही गोष्ट सोपी वाटते: काम करावे, थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा काम करावे. परंतु 'दर ६० सेकंदांनी' या शब्दांचा नेमका अर्थ काय, कोणत्या घड्याळाने वेळ मोजायची, आधीचे काम संपण्यापूर्वीच पुढची वेळ आली तर काय करायचे आणि संगणक बंद असताना चुकलेले काम नंतर करायचे की सोडून द्यायचे, हे प्रश्न लगेच उभे राहतात. पायथॉनमध्ये यासाठी अनेक साधने उपलब्ध आहेत. त्यांतील प्रत्येक साधन या प्रश्नांची निरनिराळी उत्तरे देते, आणि काही साधने ती आज्ञावलीकारावर सोपवतात. त्यामुळे वेळ चुकल्यास काय व्हावे हे आधी ठरवून मगच साधन निवडणे इष्ट असते.

पार्श्वभूमी

ठरावीक वेळी कामे चालवण्याची सोय संगणकांवर पायथॉनच्या आधीपासून आहे. युनिक्स या कार्यप्रणालीत त्यासाठी क्रॉन ही आज्ञावली असते. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती समाविष्ट होती. १९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेली तिची आवृत्ती पुढे लिनक्सच्या अनेक वितरणांत रूढ झाली. क्रॉनच्या तक्त्यातील प्रत्येक ओळीत मिनिट, तास, महिन्यातील दिनांक, महिना आणि वार अशी पाच स्थाने असतात व त्यांच्यापुढे चालवायची आज्ञा लिहिलेली असते. पाच स्थानांची ही पद्धत पुढे पायथॉनच्या अनेक लायब्रऱ्यांनीही स्वीकारली.

गिडो व्हान रॉसम यांनी निर्माण केलेल्या पायथॉन भाषेची पहिली जाहीर आवृत्ती १९९१ साली आली. वेळेशी संबंधित सोयींत नंतरच्या काळात महत्त्वाची भर पडत गेली. २०१२ सालच्या ३.३ या आवृत्तीत कधीही मागे न जाणारे घड्याळ आले, २०१४ सालच्या ३.४ या आवृत्तीत असिंकआयओ हे मॉड्यूल आले आणि २०२० सालच्या ३.९ या आवृत्तीत वेळक्षेत्रांसाठी झोनइन्फो हे मॉड्यूल आले.

विराम आणि आवर्तन

'दर ६० सेकंदांनी' याचे दोन अर्थ संभवतात. पहिल्या अर्थी, एक काम संपल्यापासून पुढचे काम सुरू होईपर्यंत ६० सेकंदांचा विराम असतो. दुसऱ्या अर्थी, एका कामाच्या सुरुवातीपासून पुढच्या कामाच्या सुरुवातीपर्यंत ६० सेकंद जातात. पहिल्या पद्धतीला स्थिर विराम आणि दुसरीला स्थिर आवर्तन म्हणता येईल. काम क्षणार्धात संपत असेल तर दोहोंतील फरक सुरुवातीला जाणवत नाही. कामाला वेळ लागत असेल तर तो साचत जातो.

समजा, एक आज्ञावली तापमापकाचे वाचन घेऊन ते साठवते, या कामाला २ सेकंद लागतात आणि त्यानंतर ती ६० सेकंद थांबते. म्हणजे एक फेरी ६२ सेकंदांची होते. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत १,४४० नोंदी अपेक्षित असताना प्रत्यक्षात १,३९४ नोंदी होतात. यापेक्षाही गंभीर बाब म्हणजे नोंदींच्या वेळा सरकत जातात. पहिली नोंद ठीक ९ वाजता झाली, तर दुसरी ९ वाजून १ मिनिट २ सेकंदांनी, तिसरी ९ वाजून २ मिनिटे ४ सेकंदांनी होते. तिसावी नोंद ९ वाजून २९ मिनिटे ५८ सेकंदांनी आणि एकतिसावी ९ वाजून ३१ मिनिटांनी होते. ९ वाजून ३० व्या मिनिटाची नोंद मुळात होतच नाही. दोन ठिकाणच्या तापमानांची मिनिटागणिक तुलना करायची असेल, तर असा विदा निरुपयोगी ठरू शकतो, आणि आज्ञावलीने कोणतीही चूक दाखवलेली नसल्यामुळे ही उणीव लवकर लक्षातही येत नाही.

स्थिर आवर्तनासाठी थांबण्याचा काळ दर फेरीला नव्याने मोजावा लागतो. त्याची रीत अशी:

१. आरंभीची वेळ एकदाच नोंदवून ठेवावी.
२. पुढच्या फेरीची वेळ आरंभीची वेळ अधिक फेरीचा क्रमांक गुणिले कालांतर या हिशेबाने काढावी.
३. त्या वेळेतून सध्याची वेळ वजा करावी आणि बाकी उरेल तेवढेच थांबावे.
४. बाकी ऋण आली, तर वेळ टळून गेली आहे असे समजून, पूर्वी ठरवलेल्या धोरणानुसार वागावे.

या रीतीने वरील उदाहरणात काम २ सेकंदांचे झाले तर आज्ञावली ५८ सेकंद थांबते, आणि ५ सेकंदांचे झाले तर ५५ सेकंद थांबते. एखाद्या फेरीला झालेला उशीर पुढच्या फेऱ्यांत उतरत नाही.

स्थिर विराम ही पद्धत चुकीची आहे असे मात्र नाही. दुसऱ्याच्या सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या आज्ञावलीत दोन मागण्यांच्या दरम्यान पुरेसा अवकाश राहणे आवश्यक असते. सर्व्हर मंदावला असताना त्याच्याकडे घाईने मागण्या पाठवल्यास त्याच्यावरील भार वाढतो. अशा ठिकाणी स्थिर विरामच योग्य ठरतो.

घड्याळाची निवड

पायथॉनच्या टाइम या मॉड्यूलमध्ये एकाहून अधिक घड्याळे आहेत. त्याच नावाचे टाइम हे फंक्शन १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद सांगते. हे भिंतीवरच्या घड्याळासारखे असते. वापरकर्ता ते मागेपुढे करू शकतो, आणि इंटरनेटवरील कालसेवेशी जुळवून घेताना संगणक स्वतःही ते बदलतो. कालांतर मोजण्यासाठी हे घड्याळ वापरल्यास ते एक तास मागे सरकताच आज्ञावली एक तास जास्त थांबून राहते. ते पुढे सरकल्यास कित्येक फेऱ्यांची वेळ टळून गेली असे समजून ती एकामागून एक कामे उरकू लागते.

रास्पबेरी पाय या लहान संगणकावर ही अडचण हमखास येते. त्याच्या पाचव्या पिढीच्या आधीच्या प्रतिरूपांत वीज गेल्यावरही चालत राहणारे घड्याळ नाही. यंत्र सुरू झाल्यावर काही काळ त्याची वेळ चुकीची असते आणि इंटरनेटशी जोडणी होताच ती एकदम पुढे उडी घेते. यंत्र सुरू होताच चालू होणाऱ्या आज्ञावलीला ही उडी आपल्या पहिल्याच फेऱ्यांत सोसावी लागते.

कालांतरे मोजण्यासाठी मोनोटॉनिक हे फंक्शन योग्य असते. त्याचे घड्याळ कधीही मागे जात नाही आणि भिंतीवरच्या घड्याळात केलेल्या बदलाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्याने दिलेल्या आकड्याला स्वतंत्र अर्थ नसतो. दोन वाचनांमधील फरक तेवढा अर्थपूर्ण असतो. लिनक्सवर संगणक निद्रावस्थेत गेल्यास तो काळ या घड्याळात धरला जात नाही, हे लॅपटॉपवर चालणाऱ्या आज्ञावलीबाबत ध्यानात ठेवावे लागते. उलट 'रोज पहाटे ४ वाजता' अशा पंचांगाशी निगडित कामासाठी भिंतीवरच्या घड्याळाचाच आधार घ्यावा लागतो.

अपूर्णांकांची बेरीज करत जाणेही टाळावे असे सांगितले जाते. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. पायथॉनमध्ये लूप चालवून ०.१ ही संख्या दहा वेळा एकेक करून मिळवल्यास उत्तर १ न येता ०.९९९९९९९९९९९९९९९९ असे येते. हा फरक अत्यल्प आहे. परंतु अशा चुका दीर्घकाळ साचू दिल्यास काय होते याचे एक प्रसिद्ध उदाहरण पायथॉनच्या क्षेत्राबाहेर सापडते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा येणाऱ्या स्कड क्षेपणास्त्राचा माग काढू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. ती यंत्रणा सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत असे आणि त्या मोजणीचे सेकंदांत रूपांतर करताना ०.१ चे २४ अंकी, म्हणून अपुरे, द्विमान रूप वापरत असे. सुमारे १०० तास अखंड चालल्यानंतर साचलेली चूक सुमारे ०.३४ सेकंदांची झाली होती. पायथॉनच्या अपूर्णांकांची अचूकता याहून कितीतरी अधिक असते. तरीही प्रत्येक फेरीत मागील वेळेत भर घालत जाण्यापेक्षा आरंभापासून पूर्णांकी क्रमांकाने गुणून वेळ काढणे अधिक निर्धोक ठरते.

प्रमाणित लायब्ररीतील साधने

स्लीप: टाइम मॉड्यूलमधील हे फंक्शन दिलेले सेकंद संपेपर्यंत चालू थ्रेड थांबवून ठेवते. सेकंदांची संख्या अपूर्णांकातही देता येते. ३.५ या आवृत्तीपासून, मध्येच कार्यप्रणालीचा संदेश आला तरी, त्या संदेशाच्या हाताळणीत अपवाद उद्भवला नाही तर, उरलेला वेळ पूर्ण केला जातो. मात्र दिलेली वेळ ही किमान वेळ असते. संगणकावर इतर कामांचा भार असल्यास थांबणे थोडे लांबू शकते. साध्या, एकच काम करणाऱ्या आज्ञावलीसाठी स्लीप आणि लूप यांची जोडी पुरेशी असते.

इव्हेंट: स्लीपमध्ये थांबलेल्या आज्ञावलीला मध्येच नीटपणे थांबवणे अवघड जाते. दहा मिनिटे थांबलेल्या थ्रेडला 'आता आवरते घे' हे सांगितल्यावर ते त्याला दहा मिनिटांनीच कळते. थ्रेडिंग मॉड्यूलमधील इव्हेंट या वस्तूवर मुदत घालून थांबल्यास ही अडचण दूर होते. मुदत संपली तर पुढची फेरी सुरू होते आणि दरम्यान दुसऱ्या थ्रेडने इव्हेंटची खूण केली, तर थांबणे तत्काळ संपून लूपमधून बाहेर पडता येते.

टायमर: थ्रेडिंग मॉड्यूलमधील टायमर ठरावीक सेकंदांनंतर एक फंक्शन वेगळ्या थ्रेडमध्ये चालवतो. हे फंक्शन तो एकदाच चालवतो. नावावरून तो आवर्ती असावा असा नवशिक्यांचा समज होतो. पुनरावृत्तीसाठी प्रत्येक वेळी नवा टायमर तयार करावा लागतो, आणि तसे करताना दर वेळी नवा थ्रेड निर्माण होतो. थांबलेला टायमर रद्द करता येतो. परंतु फंक्शन सुरू झाल्यावर रद्द करण्याचा उपयोग होत नाही.

स्केड: या मॉड्यूलमध्ये पुढील कामांची वेळेनुसार लावलेली रांग ठेवता येते. काम काही सेकंदांनंतर किंवा निश्चित क्षणी नोंदवता येते. दोन कामांची वेळ एकच असेल, तर प्राधान्याचा अंक लहान असलेले काम आधी चालते. येथेही प्रत्येक नोंद एकदाच चालते, त्यामुळे आवर्ती कामाने स्वतःची पुढची नोंद स्वतः करावी लागते. या मॉड्यूलला घड्याळाचे आणि थांबण्याचे फंक्शन बाहेरून देता येते. त्यामुळे चाचणीच्या वेळी खोटे घड्याळ देऊन संपूर्ण दिवसाचे वेळापत्रक काही क्षणांत तपासून पाहता येते.

असिंकआयओ: या पद्धतीत एकाच थ्रेडमधील इव्हेंट लूप अनेक कामांना आळीपाळीने संधी देतो. एक काम असिंकआयओच्या स्लीपमध्ये थांबले की त्या वेळात दुसरी कामे पुढे सरकतात. अनेक संकेतस्थळे निरनिराळ्या कालांतरांनी तपासण्यासारख्या, बराच काळ वाट पाहण्यात जाणाऱ्या कामांसाठी हे साधन सोयीचे असते. मात्र त्यात टाइम मॉड्यूलचा साधा स्लीप वापरल्यास, किंवा दीर्घ आकडेमोड केल्यास, संपूर्ण लूप अडतो आणि सर्वच कामांच्या वेळा चुकतात. इव्हेंट लूप आपल्या कामांचे केवळ दुर्बल संदर्भ ठेवतो. म्हणून तयार केलेल्या कामाचा संदर्भ आज्ञावलीने स्वतः जपून ठेवावा लागतो, अन्यथा ते मध्येच नष्ट होण्याची शक्यता असते.

बाह्य लायब्रऱ्या

डॅन बेडर यांची शेड्यूल ही लायब्ररी सुबोध लेखनासाठी प्रसिद्ध आहे. 'दर १० मिनिटांनी' किंवा 'दर सोमवारी' अशी वेळापत्रके तीत जवळजवळ इंग्रजी वाक्यांप्रमाणे लिहिता येतात. ती स्वतःहून पार्श्वभूमीत चालत नाही. वेळ झालेली कामे चालवण्यासाठी आज्ञावलीच्या लूपमधून तिला वारंवार विचारणा करावी लागते. काम चालण्यास लागणारा वेळ ती हिशेबात धरत नाही, त्यामुळे वेळा सरकत जाऊ शकतात. कामात उद्भवलेला अपवादही ती झेलत नाही.

ॲलेक्स ग्रोनहोम यांची एपीशेड्यूलर ही लायब्ररी अधिक विस्तृत आहे. एकदाच, ठरावीक कालांतराने आणि क्रॉनच्या पद्धतीने अशा तिन्ही प्रकारे कामे नोंदवता येतात, आणि नोंदी डेटाबेसमध्ये साठवून आज्ञावली पुन्हा सुरू झाल्यावरही टिकवता येतात. उशिरा चालवण्याची मुभा किती सेकंदांपर्यंत असावी, साचलेल्या फेऱ्यांची एकच फेरी करावी का आणि एका कामाच्या एकाच वेळी किती फेऱ्या चालू द्याव्यात, या बाबी तीत स्पष्टपणे ठरवता येतात. तिसऱ्या मालिकेतील आवृत्त्यांत उशिराची ही मुभा मुळात केवळ १ सेकंदाची असते, आणि त्याहून अधिक उशीर झालेली फेरी सोडून दिली जाते.

सेलरी ही कामांची वितरित रांग आहे. तिचा बीट नावाचा भाग ठरल्या वेळी काम रांगेत टाकतो आणि ते प्रत्यक्ष करण्याची जबाबदारी इतर प्रक्रियांवर, बहुधा दुसऱ्या संगणकांवर, असते. रांग सांभाळण्यासाठी रॅबिटएमक्यू किंवा रेडिस यांसारखी सेवा लागते. एका वेळापत्रकासाठी एकाच वेळी बीटची एकच प्रक्रिया चालू असावी लागते. दोन चालू राहिल्यास प्रत्येक काम दोनदा रांगेत पडते.

याच प्रकारची चूक संकेतस्थळांच्या आज्ञावलींतही घडते. संकेतस्थळाची आज्ञावली सर्व्हरवर सहसा अनेक समांतर प्रक्रियांत चालते. शेड्यूलर तिच्यातच सुरू केला, तर तो प्रत्येक प्रक्रियेत स्वतंत्रपणे सुरू होतो. चार प्रक्रिया असल्यास ग्राहकाला एकाच देयकाची चार पत्रे जातात. विकसकाच्या स्वतःच्या संगणकावर एकच प्रक्रिया चालत असल्याने चाचणीत ही चूक दिसत नाही. शेड्यूलर वेगळ्या, एकाच प्रक्रियेत चालवणे हा त्यावरील नेहमीचा उपाय आहे.

कार्यप्रणालीवर सोपवलेली कामे

पायथॉनची आज्ञावली अखंड चालू ठेवण्याऐवजी, ती काम करून संपेल अशी लिहून वेळेवर सुरू करण्याची जबाबदारी कार्यप्रणालीवर सोपवता येते. लिनक्सवर क्रॉन अथवा सिस्टमडीचे टायमर आणि विंडोजवर टास्क शेड्यूलर ही त्यासाठीची साधने आहेत. या पद्धतीत एक फेरी अपयशी ठरली तरी पुढच्या फेरीला नवी प्रक्रिया मिळते, स्मृतीत काही साचून राहत नाही आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर वेळापत्रक आपोआप लागू होते.

तिच्या मर्यादाही आहेत. क्रॉनमध्ये एका मिनिटापेक्षा लहान कालांतर देता येत नाही. क्रॉनने चालवलेल्या आज्ञावलीला वापरकर्त्याच्या नेहमीच्या सत्रातील मांडणी मिळत नाही, त्यामुळे हाताने चालवल्यावर चालणारी आज्ञावली क्रॉनमध्ये चालत नाही असा अनुभव वारंवार येतो. पायथॉनचा आणि फाइलींचा संपूर्ण मार्ग लिहिणे हा त्यावरील उपाय आहे. त्या वेळी संगणक बंद असल्यास क्रॉनचे काम चुकते ते चुकतेच. सिस्टमडीच्या पंचांगाधिष्ठित टायमरमध्ये पर्सिस्टंट हा पर्याय निवडल्यास चुकलेले काम संगणक सुरू झाल्यावर केले जाते. ॲनाक्रॉन ही आज्ञावली दिवसांच्या हिशेबाने अशीच सोय देते.

चुकलेली आणि परस्परांवर आलेली आवर्तने

एखादी फेरी तिच्या कालांतरापेक्षा लांबली, तर पुढच्या फेरीची वेळ ती चालू असतानाच येते. दोन्ही फेऱ्या एकाच वेळी चालू दिल्यास त्या एकाच फाइलीत लिहून ती खराब करू शकतात. त्यामुळे पुढची फेरी सोडून द्यावी, रांगेत ठेवावी की समांतर चालवावी, हे कामाच्या स्वरूपावरून ठरवावे लागते. एकाच प्रक्रियेत कुलूप वापरून, आणि वेगवेगळ्या प्रक्रियांत फाइलीवर कुलूप लावून, एका वेळी एकच फेरी चालेल अशी व्यवस्था करता येते.

संगणक बंद राहिल्यामुळे फेऱ्या चुकल्या असतील तर तीन धोरणे संभवतात. बँकेच्या व्याजाच्या आकारणीसारख्या कामात चुकलेली प्रत्येक फेरी क्रमाने करावी लागते. बॅकअपसारख्या कामात दहा चुकलेल्या फेऱ्यांच्या जागी एक फेरी पुरते. तापमानाच्या नोंदीत गेलेली वेळ परत आणता येत नाही, म्हणून चुकलेली फेरी सोडून देऊन नोंदीत ती जागा रिकामी ठेवणेच प्रामाणिक ठरते.

काम दोनदा चालले तरी परिणाम एकदाच व्हावा अशी त्याची रचना असणे सर्वांत सुरक्षित मानले जाते. 'खात्यात १०० रुपये जमा करा' हे काम दोनदा चालल्यास २०० रुपये जमा होतात. 'मार्च महिन्याचा १०० रुपयांचा हप्ता जमा झालेला नसल्यास जमा करा' हे काम कितीही वेळा चालवले तरी १०० रुपयेच जमा होतात.

अपवाद आणि मूक विराम

आवर्ती कामाच्या बाबतीत सर्वांत धोकादायक दोष म्हणजे ते नकळत थांबणे होय. एखाद्या रात्री नेटवर्क क्षणभर तुटते, कामात अपवाद उद्भवतो आणि लूप तेथेच संपतो. काम स्वतंत्र थ्रेडमध्ये चालत असल्यास केवळ तो थ्रेड संपतो. मुख्य आज्ञावली चालूच राहते आणि बाहेरून पाहणाऱ्याला सर्व सुरळीत भासते. असिंकआयओमध्ये अपवाद त्या कामाजवळच साठून राहतो आणि कोणी विचारणा करेपर्यंत बहुधा दृष्टीआड असतो. रोज रात्रीचा बॅकअप काही महिन्यांपूर्वीच बंद पडला आहे, हे अशा वेळी मूळ डेटाबेस नष्ट झाल्यावरच उघडकीस येते.

म्हणून अपवाद झेलण्याची व्यवस्था लूपच्या बाहेर न ठेवता आत, प्रत्येक फेरीभोवती ठेवतात. तेथे अपवादाचा संपूर्ण तपशील लॉगमध्ये नोंदवून पुढच्या फेरीची वाट पाहिली जाते. सरसकट सर्व काही झेलणे मात्र इष्ट नसते. वापरकर्त्याने आज्ञावली थांबवल्याचा संदेश आणि असिंकआयओमधील काम रद्द झाल्याचा संदेश हेही अपवादांच्या रूपातच येतात. ते गिळून टाकल्यास आज्ञावली थांबवणे कठीण होते. पायथॉनमध्ये एक्सेप्शन या वर्गापुरतेच झेलल्यास हे दोन्ही संदेश मोकळे राहतात. यांतील दुसऱ्याबाबत हे ३.८ आणि त्यापुढील आवृत्त्यांना लागू आहे.

आज्ञावलीच बंद पडल्यास ती स्वतःच्या बंद पडण्याची वर्दी देऊ शकत नाही. त्यासाठी प्रत्येक यशस्वी फेरीनंतर तिने आपली शेवटची वेळ बाहेर कोठेतरी नोंदवावी आणि दुसऱ्या संगणकाने ती नोंद तपासावी, अशी रचना करतात. ठरल्या अवधीत नवी नोंद झाली नाही, तर इशारा दिला जातो.

वेळक्षेत्रे

भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरील घड्याळ बहुधा वैश्विक समन्वित वेळेनुसार चालते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. अशा सर्व्हरवर रात्री १२ वाजता नोंदवलेले काम भारतात पहाटे ५:३० वाजता चालते. याहून सूक्ष्म चूक तारखेची असते. भारतात मध्यरात्र उलटल्यापासून पहाटे ५:३० पर्यंत सर्व्हरच्या दृष्टीने आदली तारीखच चालू असते. १ एप्रिलला रात्री १ वाजता 'आजची तारीख' विचारणाऱ्या आज्ञावलीला ३१ मार्च हे उत्तर मिळते आणि नोंद मागील आर्थिक वर्षात जाते. झोनइन्फो मॉड्यूलद्वारे 'आशिया/कोलकाता' हे वेळक्षेत्र स्पष्टपणे दिल्यास ही चूक टळते. एपीशेड्यूलर आणि सेलरी यांतही वेळक्षेत्र निश्चित करता येते. सेलरीत ते मुळात वैश्विक समन्वित वेळेचे असते.

भारतात उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करण्याची प्रथा सध्या नाही. अमेरिकेच्या बहुतांश भागात ती आहे. तेथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ एकदम ३ वर नेले जाते, त्यामुळे त्या दिवशी २:३० ही वेळ अस्तित्वातच नसते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ २ वरून पुन्हा १ वर आणले जाते, त्यामुळे १:३० ही वेळ दोनदा येते. तेथील स्थानिक वेळेनुसार पहाटेच्या या तासांत नोंदवलेले काम वर्षातून एकदा चुकण्याचा आणि एकदा दोन वेळा चालण्याचा संभव असतो. म्हणून अशी कामे वैश्विक समन्वित वेळेनुसार, किंवा या तासांच्या बाहेर, ठेवण्याची पद्धत आहे.

साधनाची निवड

सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे निवड केली जाते:

• एकच छोटे काम आणि अखंड चालणारी आज्ञावली असल्यास मोनोटॉनिक घड्याळ आणि इव्हेंटवरील मुदतीचे थांबणे.
• अनेक कामे आणि त्यांतील बराच वेळ नेटवर्कची वाट पाहण्यात जाणार असल्यास असिंकआयओ.
• आज्ञावलीच्या आतच पंचांगानुसार वेळापत्रक हवे असल्यास एपीशेड्यूलर, आणि साध्या गरजेसाठी शेड्यूल.
• कामे अनेक संगणकांवर वाटायची असल्यास सेलरी.
• मिनिटाहून मोठे कालांतर आणि प्रत्येक फेरी स्वतंत्र असल्यास क्रॉन किंवा सिस्टमडीचे टायमर.

पायथॉन आणि त्याखालील सर्वसामान्य कार्यप्रणाली यांपैकी कोणीही काम अमुक क्षणी सुरू होईलच अशी काटेकोर हमी देत नाही. यंत्रांचे नियंत्रण किंवा वैद्यकीय उपकरणे यांसारख्या, काही सहस्रांश सेकंदांचा उशीरही घातक ठरणाऱ्या ठिकाणी त्यासाठीच रचलेल्या वास्तवकालीन कार्यप्रणाली अथवा सूक्ष्मनियंत्रक वापरले जातात.